धार तपासल्याशिवाय ट्रे बंद करायचा नाही

मिरजेत दवाखाने पावलापावलावर आहेत. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून अथणी-जमखंडीपासून कोकणापर्यंतचा माणूस आजार वाढला की "मिरजेला दाखवू" म्हणतो. इथल्याच एका खासगी हॉस्पिटलात मी स्क्रब सिस्टर आहे, म्हणजे ऑपरेशन चालू असताना सर्जनच्या हातात हत्यारं देणारी नर्स. नर्सिंगचा जीएनएम कोर्स झाल्यावर सुरुवातीची वर्षं सिझर, हर्निया, अपेंडिक्सच्या टेबलावर गेली. मग हाडांच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) बदली झाली आणि तिथून मणक्याच्या टेबलावर. या सगळ्या प्रवासात मी जे शिकले ते हातात धरायच्या हत्यारांबद्दल आहे, आणि त्यातही त्यांच्या धारेबद्दल. नातेवाईक येतात ते सर्जनचं नाव विचारून येतात, कुठल्या कंपनीचे स्क्रू घालणार तेही विचारतात. मणक्याचं हाड ज्या पंचानं कापणार त्याची धार शेवटची कधी तपासली, हे मात्र कुणी विचारत नाही. ते विचारलं जावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहितेय.

हाडांच्या ओटीत गेल्यावर इनचार्ज सिस्टरांनी मला लगेच स्क्रब होऊ दिलं नाही. सीएसएसडीत, म्हणजे जिथं हत्यारं धुऊन निर्जंतुक होतात तिथं, मला बसवलं. प्लेटिंगचा, म्हणजे तुटलेल्या हाडावर पट्टी बसवायचा, धुतलेला सेट हिरव्या कापडावर पसरला आणि म्हणाल्या, "एकेक उचल. नाव नंतर पाठ कर. हे कुठल्या टोकानं काम करतं ते आधी बघ."

पोटाच्या ऑपरेशनची हत्यारं बहुतेक पकडणारी असतात. हाडाची हत्यारं खरवडतात, तासतात, उचकटतात, तोडतात. पेरिऑस्टियम एलिव्हेटरनं हाडावरचा पातळ पडदा सोडवायचा. होमनचा लिव्हर हाडाच्या पलीकडे अडकवून स्नायू बाजूला धरायचे. बोन होल्डिंग फोर्सेपनं तुटलेली टोकं जुळवून आवळून धरायची. ऑस्टिओटोम आणि छिन्नी दोन्ही लांबून सारख्याच दिसतात, पण ऑस्टिओटोमच्या पात्याला दोन्ही बाजूंनी उतार असतो, त्यामुळे तो हाडात सरळ शिरतो. छिन्नीला एकाच बाजूनं उतार असतो, ती एका अंगाला सरकत जाते. सरांनी ऑस्टिओटोम मागितला आणि हातात छिन्नी पडली तर हातोड्याच्या एका ठोक्यात त्यांना कळतं.

मग क्रम आला. साडेतीन मिलीमीटरचा स्क्रू बसवायचा तर अडीचचा ड्रिल बिट, मग भोकाची खोली मोजायला डेप्थ गेज, मग आटे पाडायला टॅप, मग स्क्रू. साडेचारच्या स्क्रूला ३.२ चा बिट. स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली स्थापन झालेल्या एओ या सर्जनांच्या गटानं ही पद्धत आणि तिची हत्यारं घडवली, आणि आज मिरजेतल्या आमच्या टेबलावरही तोच क्रम चालतो. आता पुष्कळ स्क्रू स्वतःच आटे पाडत जातात, टॅप लागत नाही. पण क्रम अंगात भिनला की सरांनी तोंड उघडायच्या आत पुढचं हत्यार तयार असतं.

हत्याराची झीज म्हणजे काय ते मला पहिल्यांदा दिसलं जुनी प्लेट काढायच्या केसमध्ये. स्क्रू ड्रायव्हरचं षटकोनी टोक वापरून वापरून कोपऱ्यांत गोल झालं होतं. स्क्रूच्या खाचेत ते बसलं, सरांनी जोर लावला आणि टोक आतल्या आत फिरलं. खाच घासून गेली. मग त्या एका स्क्रूसाठी वेगळा सेट उघडला, उलट आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर ठोकून बसवला, टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळलेला पट्टा, लावून ठेवण्याची वेळ वाढत गेली. मिलीमीटरच्या अंशाएवढी झीज, पण तिची किंमत भूल दिलेल्या पेशंटनं मोजली. त्या दिवशी इनचार्ज सिस्टरांनी तो ड्रायव्हर सेटमधून काढून स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवला. म्हणाल्या, "टेबलाच्या आसपास राहिला तर हा परत सेटमध्ये जाणार." पुढं मला समजलं की हे किती खरं आहे.

हाडांच्या ओटीत हात बसल्यावर मणक्याच्या केसेस आल्या. इथं सगळं खोल आणि अरुंद. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन असेल तर स्क्रब सिस्टरला जखमेत काय चाललंय ते दिसतं. दोन मणक्यांमधल्या गादीच्या ऑपरेशनला चीर तीन-चार सेंटीमीटरची, तीत सर्जन आणि असिस्टंटचे हात, वर मायक्रोस्कोप. मला दिसतात ती फक्त आत-बाहेर करणारी हत्यारं. त्यामुळे काय चाललंय ते हत्यारांवरून ओळखायला शिकावं लागतं.

मणक्याच्या सेटमध्ये रुंद पात्याचा कॉब एलिव्हेटर असतो, स्नायू हाडावरून सोडवायला. न्यूयॉर्कच्या ज्या डॉ. कॉब यांच्या नावानं पाठीच्या बाकाचा कोन मोजतात, त्यांचंच हे हत्यार. लेक्सेलचा निबलर असतो, हाड कुरतडणारा, दोन सांध्यांचा, कमी जोरात मोठा घास घेणारा. मेंदूच्या सर्जरीतले स्वीडनचे लेक्सेल ते हेच. मॉन्ट्रियलच्या पेनफिल्ड यांचे डिसेक्टर असतात, नंबर घातलेले. त्यातला ४ नंबर आमच्याकडे सगळ्यात जास्त मागतात, नसेभोवतीचं चिकटलेलं हळूच सोडवायला. मग नस बाजूला धरायचा नर्व्ह रूट रिट्रॅक्टर, बोथट हूक, खरवडायचे क्युरेट, बायोनेट फोर्सेप, लांब दांड्याची सुरी. गादीचे तुकडे काढायचे, सरळ आणि वर वळलेल्या तोंडाचे डिस्क पंच. आणि केरिसन.

केरिसन पंच जवळून बघण्यासारखा आहे. एकावर एक बसलेल्या दोन लांब पोलादी पट्ट्या. खालची स्थिर, तिच्या टोकाला वर वळलेलं एक चिमुकलं पाऊल. वरची पट्टी मूठ दाबली की पुढं सरकते आणि त्या पावलावर येऊन बसते. मध्ये सापडेल ते कापलं जातं. तोंडाची रुंदी १ मिलीमीटरपासून ५ मिलीमीटरपर्यंत, पावलाचा कोन ४० अंशांचा किंवा ९० अंशांचा. ते पाऊल मणक्याच्या कमानीखाली सरकवायचं असतं. म्हणजे वर हाड, खाली ड्युरा, आणि मधल्या फटीत ते पाऊल. ड्युरा म्हणजे मज्जारज्जू आणि नसांभोवतीचं आवरण, आत पाणी. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याखाली नसांचा जुडगा असतो. कमरेच्या ऑपरेशनमध्ये केरिसन या जुडग्याच्या डोक्यावर काम करत असतो.

धार असलेला केरिसन हाड कापून तुकडा तोंडात घेऊन बाहेर येतो. बोथट असेल तर तो अर्धवट कापतो, उरलेलं ओढून तोडतो. हाडाचं एकवेळ ठीक. पण कमानीखालचा पिवळा लिगामेंट म्हाताऱ्या पेशंटमध्ये जाड होऊन ड्युराला चिकटलेला असतो. तिथं ओढलं तर लिगामेंटबरोबर ड्युराही येते. ड्युरा फाटली की पाणी गळतं. मग टाके, पॅच, दिवसच्या दिवस सपाट झोपून राहणं, डोकेदुखी, जंतुसंसर्गाची भीती. ड्युरा फाटण्याला कारणं अनेक असतात, चांगल्यातल्या चांगल्या सर्जनच्या हातूनही ती फाटते. पण बोथट पंच हे एक कारण असं आहे की जे आदल्या दिवशी कपाटासमोर उभं राहून टाळता येतं.

एक केस सविस्तर सांगते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल. डाव्या पायात कळ, अंगठा वर उचलता येईना. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेलेली. पायातली अशी कळ सरकलेल्या गादीमुळे येते हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली मांडलं. त्याआधी कितीतरी लोकांनी ती नुसती सोसली असणार.

टाइम-आउट झाला, म्हणजे चीर देण्याआधीची शेवटची पडताळणी. फ्लोअर सिस्टरांनी पेशंटचं नाव, बाजू, लेव्हल मोठ्यानं वाचली, सर आणि भूलतज्ज्ञ मॅडम दोघांनी होकार दिला. पेशंट पालथा, पोट मोकळं राहील असे बोल्स्टर (जाड उशा) लावलेले, कारण पोट दाबलं तर मणक्याभोवतीच्या शिरा फुगतात आणि रक्त जास्त येतं. सुई लावून सी-आर्मवर, म्हणजे ओटीतल्या एक्स-रे मशीनवर, लेव्हल बघितली. मग चीर, कॉब, गॉझ पॅक, सेल्फ-रिटेनिंग रिट्रॅक्टर. पुन्हा एकदा सी-आर्म. सरांचा हात उघडा आला की त्यात निबलर. कमानीची कड कमी झाली. "केरिसन तीन."

केरिसन द्यायची पद्धत असते. मूठ सरांच्या तळहातात पक्की बसली पाहिजे आणि तोंड ज्या दिशेनं वापरणार त्या दिशेनं वळलेलं पाहिजे. त्यांचे डोळे मायक्रोस्कोपमध्ये असतात, हत्यार वळवून घ्यायला ते बाहेर बघत नाहीत. एक घास झाला की हात जखमेबाहेर चार बोटं येतो, तोंड उघडतं. ओल्या गॉझनं मी तुकडा पुसून घेते आणि हात परत आत जातो. पंच त्यांच्या हातातून सुटतही नाही. पुसताना पंचाला हिसका बसता कामा नये. दोघांची लय एकदा जमली की बोलावं लागत नाही.

या केसमध्ये तीनचा पंच आत गेला, मूठ दाबली गेली, पण हात बाहेर यायला वेळ लागला. पुसायला गेले तर तोंडात तुकड्याऐवजी तंतू लोंबत होते. पुढच्या घासाला सर म्हणाले, "सिस्टर, हा कापत नाही, ओढतोय." मी तो घेतला, दोनचा दिला. मूठभर जास्त घास घ्यावे लागले, पण ते स्वच्छ कापले गेले. बोथट पंचाच्या मुठीला गॉझची पट्टी गाठ मारून बांधली आणि ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात ठेवला, म्हणजे घाईत पुन्हा हातात येऊ नये. हत्यारांच्या काउंटमध्ये, म्हणजे मोजणीत, मात्र तो धरायचाच.

पुढचं सगळं नीट झालं. लिगामेंट उघडला, ड्युरा दिसली, पेनफिल्ड चारनं नसेची कड शोधली, रूट रिट्रॅक्टर असिस्टंटच्या हातात गेला. "सोडा जरा," सर मधूनमधून म्हणतात, नसेला विश्रांती द्यायला. लांब दांड्याच्या सुरीनं गादीचं आवरण कापलं आणि डिस्क पंचानं सरकलेला भाग निघाला, पांढरट, खेकड्याच्या मांसासारखा. डिस्क पंच जास्त खोल घालता येत नाही. गादीच्या पुढच्या बाजूला लगेच पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. म्हणून प्रत्येक वेळी पंच बाहेर आला की मी दोन गोष्टी बघते, तोंडात काय आलं आणि तोंडाची दोन्ही पाती शाबूत आहेत का. पात्याचा तुकडा आत मोडून राहिला तर तो शोधणं फार कठीण. शेवटी बोथट हूक नसेखालून मोकळा फिरला. दोरी लावलेल्या पॅटी, म्हणजे जखमेत ठेवायच्या कापसाच्या बारीक पट्ट्या, एकेक करून मोजल्या, फ्लोअर सिस्टरांनी फळ्यावरच्या आकड्याशी जुळवल्या. वॉर्डात गेल्यावर त्या पेशंटनं अंगठा उचलून दाखवला.

माझं मन मात्र त्या पंचातच होतं. चौकशी केली तर आधीच्या एका केसमध्येही त्याच पंचाबद्दल सर बोलले होते. तेव्हाही तो बाजूला ठेवला गेला होता. मग केस संपली, सगळी हत्यारं एकाच बेसिनमध्ये गेली, धुतली, मोजली, संख्या बरोबर आली, पॅक झाली आणि तो पंच निर्जंतुक होऊन पुन्हा टेबलावर आला. यात कुणी हलगर्जीपणा केला असं नाही. आमच्या यादीत "केरिसन ३ मि.मी. – १" एवढंच लिहिलेलं होतं. तो कापतो की नाही हा रकानाच नव्हता.

मी इनचार्ज सिस्टरांना विचारून काही दिवस केस नसेल तेव्हा सीएसएसडीत बसायला लागले. तिथले टेक्निशियन दादा वयानं मोठे, कामात फार काटेकोर. आधी त्यांनी मला आमच्याच ओटीतल्या सवयी दाखवल्या. "सिस्टर, तुम्ही वर हत्यारं सलाइनमध्ये बुडवून ठेवता ना? मीठ पोलाद खातं." धार धरणारं पोलाद कडक केलेलं असतं, त्यात कार्बन जास्त, त्यामुळे ते गंजालाही लवकर बळी पडतं. सलाइनमधलं क्लोराइड त्याला बारीक खड्डे पाडतं आणि खड्डा पडला की कड तिथूनच तुटते. ब्लीचचंही तेच. तेव्हापासून आमच्या टेबलावर हत्यारं पुसायला वेगळ्या बाउलमध्ये स्टराइल वॉटर असतं. सलाइन फक्त जखमेसाठी.

रक्त वाळू द्यायचं नाही हा दुसरा नियम. केस संपली की हत्यारं ओलसर ठेवून, सांधे उघडून खाली पाठवायची. तिथं आधी गार पाण्याखाली, कारण गरम पाण्यानं रक्त घट्ट बसतं. मग एन्झाइमच्या कोमट द्रावणात, मग ब्रश, मग अल्ट्रासॉनिक. अल्ट्रासॉनिकमध्ये पाण्यात सूक्ष्म बुडबुडे फुटत राहतात आणि जिथं ब्रश पोचत नाही तिथली घाण सुटते. केरिसनच्या दोन पट्ट्यांमधली खाच हीच सगळ्यात अवघड जागा. आमच्याकडचे जुने पंच उघडता येत नव्हते. दादा सिरिंजनं त्या खाचेत पाणी मारायचे आणि खाली पांढऱ्या गॉझवर काय पडतं ते बघायचे. एकदा स्वच्छ धुतलेल्या म्हणून आलेल्या पंचातून तपकिरी कण पडले. ते बघून मला रात्री झोप लागली नाही.

धुऊन वाळल्यावर तपासणी. भिंग बसवलेला दिवा असतो, त्याखाली प्रत्येक हत्यार धरायचं. तपकिरी डाग दिसला तर साध्या पेन्सिलच्या खोडरबरानं घासायचं. डाग गेला आणि खाली धातू गुळगुळीत असेल तर तो नुसता डाग. डाग जाऊन खाली खड्डा दिसला तर तो गंज, ते हत्यार बाजूला. कात्री रबरावर चालवून बघायची, टोकापर्यंत कापली पाहिजे. क्युरेट आणि ऑस्टिओटोम प्लॅस्टिकच्या दांड्यावर ओढायचे, साल निघाली पाहिजे, नुसते घसरले तर धार गेली. आणि केरिसनसाठी व्हिजिटिंग कार्ड. कार्डाची कड पंचाच्या तोंडात धरायची आणि एकदाच दाबायचं. धार असेल तर तुकडा खाली पडतो, भोकाची कड स्वच्छ असते. बोथट असेल तर तुकडा कागदाच्या तंतूंना लोंबत राहतो.

आम्ही दोघांनी मिळून हॉस्पिटलातले सगळे केरिसन कार्डावर चालवले. प्रत्येक पंचाला एक कार्ड, भोकाशेजारी पंचाचा साइज, खोदलेला नंबर आणि तारीख. टेबलावर ती कार्डं ओळीनं मांडली तेव्हा वेगळं काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. दोनचे आणि तीनचे पंच सगळ्यात वाईट, कारण तेच सगळ्यात जास्त वापरले जातात. एकचा जवळजवळ नवा.

खरेदी विभागाचं उत्तर अपेक्षेप्रमाणं होतं. पंच मोडलेला नाही, उघडतो, मिटतो, मग नवा कशाला? त्यांच्याही अडचणी मला कळतात, चांगला केरिसन महाग येतो. पण मागणीपत्राला मी ती कार्डं पिनेनं लावली. सरांनी त्यावर सही केली आणि एक ओळ लिहिली, हे पंच वापरून मी मणक्याची केस करणार नाही. त्या एका ओळीसाठी मी सरांची कायम ऋणी राहीन. सर्जननं ओटीत रागावणं सोपं असतं, कागदावर लिहून देणारे थोडे.

काही पंच धार लावायला गेले. त्यातला एक कारागिरानं परतच पाठवला. केरिसनला धार लावायची म्हणजे पावलाची कड थोडी थोडी घासायची. आधीच दोन-तीनदा घासून ते पाऊल इतकं पातळ झालं होतं की आणखी घासलं तर कमानीखाली मोडून पडेल, असं त्याचं म्हणणं. मी भिंगाखाली बघितलं आणि पटलं. तो पंच आम्ही कायमचा बाद केला, रजिस्टरला नोंद करून. नवे आले ते उघडणारे. बटण दाबून वरची पट्टी मागं ओढली की सुटते, दोन्ही पट्ट्या वेगळ्या धुता येतात. तो सुटा करून परत जोडायला सगळ्या सिस्टर आणि ओटीतल्या मदतनीस मामांना शिकवावं लागलं, कारण चुकीचा जोडला तर तो अर्धा मिटतो आणि बाहेरून कळत नाही. जोडल्यावर पुन्हा कार्ड.

मणके स्क्रू आणि सळईनं जोडायच्या, म्हणजे स्क्रू-रॉडच्या केसेसचा प्रश्न वेगळा. त्यांच्या पेट्या कंपनीकडून येतात, बहुतेक वेळा आदल्या रात्री उशिरा, कधी दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलातून थेट. पेडिकल प्रोब, बॉल टिपचा फीलर, टॅप, ड्रायव्हर, रॉड बेंडर, सगळं त्या पेटीत. पेडिकलमध्ये, म्हणजे मणक्याचा पुढचा-मागचा भाग जोडणाऱ्या हाडाच्या खांबात, प्रोब गेला की सर फीलरनं भोकाच्या चारी भिंती आणि तळ चाचपतात. हाड लागतंय की मऊ, हे फक्त त्या बारीक गोळीवरून हाताला कळतं. मग टॅप, परत फीलर, मग स्क्रू. तो फीलर किंचित वाकलेला असेल तर हाताला खोटं सांगतो.

पेटी घेऊन येणारा मुलगा दर वेळी म्हणतो, "मॅडम, तिकडं धुऊन ऑटोक्लेव्ह करूनच आणलीय." आम्ही तरीही पेटी उघडून, यादीप्रमाणं मोजून, पहिल्यापासून धुतो. तिकडं काय झालं ते आम्ही बघितलेलं नसतं. मग ऑटोक्लेव्हच्या वाफेत १३४ अंशांवर चार मिनिटांचं होल्ड, त्याशिवाय वाफ भरायला आणि पॅक वाळायला लागणारा वेळ वेगळा. जड पेटी घाईनं बाहेर काढली तर आतलं कापड ओलं राहतं, आणि ओला पॅक म्हणजे निर्जंतुक नसलेला पॅक. सकाळी पहिल्या लोडच्या आधी रिकाम्या मशीनमध्ये बोवी-डिक टेस्ट लागते, वाफ सगळीकडं पोचते का ते बघायला. कागद सगळीकडं सारखा काळा झाला तरच मशीन त्या दिवशी वापरायचं. इम्प्लांटच्या लोडबरोबर स्पोअरची, म्हणजे वाफेत सहज न मरणाऱ्या जंतूंची, चाचणी कुपीही जाते. म्हणून मी सरांच्या सेक्रेटरीला स्पष्ट सांगितलंय, पेटी संध्याकाळी ठरल्या वेळेत आली नाही तर सकाळची पहिली केस त्या पेटीची लावू नका. यावरून वाद होतात. पण वाद आदल्या दिवशी झालेला बरा.

आता आमच्या मणक्याच्या यादीत नवा रकाना आहे. नाव, साइज, संख्या, आणि त्यापुढं "धार", त्यात तपासणाऱ्याची सही. ट्रे बंद करायच्या आधी केरिसन, निबलर, क्युरेट, ऑस्टिओटोम तपासलेच पाहिजेत. सर टेबलावर जे हत्यार बोथट म्हणतील त्याला मुठीला लाल टेप बांधून वेगळ्या डब्यात टाकायचं, तो डबा नेहमीच्या धुण्याच्या बेसिनकडं जातच नाही, त्यातलं हत्यार वेगळं धुतलं जातं आणि थेट दुरुस्तीच्या कपाटात जातं. नवीन मुली आल्या की मी त्यांना आधी सीएसएसडीत बसवते. त्या कंटाळतात, स्क्रब होण्याची घाई असते. मी म्हणते, "अगं, सरांच्या हातात काय देतेस ते आधी स्वतःच्या हातानं कापून बघ." दोनचा आणि तीनचा पंच कार्डावर चालवायला दिला की त्यांच्या चेहऱ्यावर कळतं.

एक गोष्ट अजून राहिली आहे. एका दिवशी मणक्याच्या दोन केसेस लागल्या की पहिल्या केसचा सेट धुऊन, तपासून, निर्जंतुक होऊन यायला जो वेळ लागतो, तो वेळ कुणालाच थांबायचा नसतो. त्या घाईत पहिल्यांदा तपासणीच सुटते, हे मी बघितलंय. म्हणून दोनच्या आणि तीनच्या पंचांसकट दुसरा पूर्ण सेट मागितला आहे. मागणीपत्राला या महिन्याची कार्डं जोडली आहेत, सरांची सही झाली आहे. खरेदी विभागातून अजून उत्तर यायचंय. तोवर दुसरी केस दुपारनंतरच लागते.